पाच दिवसांचं दूध

नोकरीत खून, दरोडे, मारामाऱ्या सगळं पाहिलं आणि त्यातलं बरंचसं विसरलोही. हे एक प्रकरण तेवढं विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कोल्हापुरात एका ठाण्याला फौजदार होतो.

सकाळची हजेरी चालू असतानाच दवाखान्यातून वर्दी आली. विवाहिता, वय सव्वीस, पोट फुगलेलं, उलट्या, धाप, विषबाधेचा संशय. मागोमाग तिचा भाऊ पेठ वडगावहून येऊन दारात उभा.

"माझ्या भनीला सासूनं इख घातलंय, सायेब! दर म्हयन्याला पाच दिवस दुधातनं कायतरी पाजती. कडू लागतंय म्हणून भनीनं सोताच सांगितलं. सात वर्सं झाली, पोर न्हाय. दुसरी सून आणायची हाय की त्येस्नी!"

फिर्याद घेतली आणि सासूला ठाण्यात आणलं. साठीची, रानात राबून वाळलेली बाई. दुधात काय घालत होतीस? गप्प. कुणी दिलं? गप्प. मी आवाज चढवला, कोठडीची भीती घातली. गुन्हेगार एक तर फार बोलतो, नाहीतर रडतो. ही दोन्ही करेना. मधूनच विचारायची, "पोरगी कशी हाय?" मला ते नाटक वाटलं. आज त्याची लाज वाटते.

दुपारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई रात्रपाळी करून तशाच थांबल्या होत्या.

"हे विष नाही, साहेब. सोनोग्राफीत अंडाशय मोसंब्याएवढे सुजलेत, पोटात पाणी साचलंय. मूल राहावं म्हणून स्त्रीबीज तयार करणाऱ्या गोळ्या देतात, त्या जास्त झाल्या की असं होऊ शकतं. माहेरच्या डॉक्टरांकडून तिनं त्या घेतल्यात, सासरी चोरून. पण तेवढ्यानं इतकं होईलसं वाटत नाही. अजून काय पोटात गेलंय? लघवी कमी होत चाललीय तिची. मला अंदाजानं किती चालता येईल?"

मी दुधाचं सांगितलं. डॉक्टरबाईंनी वाकून मुलीला विचारलं, "कुठले पाच दिवस गं?"

"डोक्यावरनं पाणी घेतलं की... तितनं पाच दिवस," ती कशीबशी बोलली.

डॉक्टरबाई सरळ झाल्या. "आमच्या गोळ्याही पाळीनंतर त्याच दिवसांत देतात. दुधातलं औषध मला आणून द्या. लवकर."

ठाण्यात परत आलो तर आमची महिला कॉन्स्टेबल सासूशेजारी चहा घेऊन बसलेली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "साहेब, ही तुम्हाला भ्यालेली नाही. आमच्या गावाकडं औषध बोलून दाखवलं की गुण जातो म्हणतात. तसलं काहीतरी आहे." मग तिनंच म्हातारीचा हात धरला. "मावशी, गुण जाऊ दे. पोरगीच गेली तर?"

म्हातारी ढसाढसा रडली. "कुणाला सांगितलंस तर गुण जाईल म्हणलीती ती. सात वर्सांनी घरात पाळणा हलंल म्हणून त्वांड शिवून बसलीया, सायेब!"

मग तिनं ठिकाण सांगितलं. कळंब्याच्या पुढं एका वस्तीवर मूल होण्याचं औषध देणारी बाई होती. पंच घेऊन गेलो. ओसरीवर खल, भस्माचा डबा आणि चुलीमागं गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग. गोळ्या कुटायच्या, भस्मात मिसळायच्या आणि झाडपाला म्हणून पुड्या द्यायच्या. पंचनामा उरकून एक पाकीट डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी नाव वाचलं आणि डोळे मिटले.

"तीच गोळी."

सून सासूला चोरून, सासू सुनेला न सांगता, दोघी एकाच आशेनं तेच औषध एकाच पोटात घालत होत्या. एकमेकींशी एक वाक्य बोलल्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं.

मुलगी वाचली, पण घरी जायला तीन आठवडे लागले. सासूला आम्ही सोडून दिलं. पुड्या देणारी जामिनावर सुटली आणि दुसऱ्या वस्तीवर जाऊन बसली, असं पुढं कानावर आलं. मी कुणाकुणाच्या मागं धावणार होतो?

दवाखान्यातून सोडताना मुलीचा शेवटचा जबाब घेतला. गोळ्यांचं सासूला का सांगितलं नाही, असं विचारलं.

"सगळी एकच इचारत्यात, दिवस गेलं का. दुसरं कायबी कुणी इचारलंच न्हाय की मला." नवरा शेजारी पिशवी धरून उभा होता. तो जमिनीकडं बघत राहिला. त्याचा राग आला मला, आणि राग येण्याचा आपल्याला हक्क आहे असंही वाटलं.

त्या संध्याकाळी घरी गेलो. आम्हालाही मूल नाही. तेव्हा लग्नाला चौदा वर्षं झाली होती. बायको मेथी निवडत बसली होती. टोपी काढून तिच्यासमोर बसलो.

"तुला कधी कुणी असलं काही दिलं होतं का गं?"

"सासूबाई होत्या तोवर घेत होते. चार वर्षं."

"काय होतं त्यात?"

"मला काय माहीत? पोटात कळा यायच्या, एवढं खरं."

दिवसभर लोकांना बोलतं करणं हा माझा धंदा. त्या चार वर्षांत मी रोज याच घरात जेवलो, झोपलो. तपासात मला कुणी काही शिकवावं असं वाटण्याचं वय तेव्हा सरलं होतं, तरी त्या संध्याकाळी शिकलो.

"मग मला का नाही बोललीस?"

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं.

"तुम्ही आज विचारलंत."