पाखाडीसाठी दोन सह्या

दाऊदचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालीला झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. 'पाखाडी वाचवा' या आमच्या पत्रकाच्या प्रती काढत. खाली पहिली सही चाचांचीच होती...

चाचा बोटीवरून निवृत्त झालेले. घर पावसकडे, आमच्या गावात, अगदी खाली समुद्राकडच्या टोकाला. तिथून वर सडकेला यायला एकच वाट, जांभ्याच्या पायऱ्यांची जुनी पाखाडी. बंदरातला माल पूर्वी तिच्यावरूनच डोक्यावर यायचा. या पाखाडीत चाचांनी एक डबी लपवली, आत वही ठेवली आणि जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. जगभर चालतो हा खेळ. मोबाइल बघत यायचं, डबी शोधायची, वहीत नाव लिहायचं, डबी परत तिथेच. पहिल्यांदा मी तासभर गोल गोल फिरले. चाचा कठड्यावर बसून हसत होते. "अगो, यंत्र दहा पावलं चुकतं. आंदोलनवाली ना तू? मग वाक जरा!" एका पायरीखालच्या फटीत होती डबी.

मग रस्ता मंजूर झाला. सगळ्या पायऱ्या फोडून! मी विचारायच्या आधीच चाचांनी आमच्या पत्रकावर सही दिली.

चाळिसावा झाल्यावर मी ग्रामपंचायतीत फाइल बघितली. रस्त्याला संमती देणाऱ्यांत चाचांची सही, आमच्या पत्रकानंतरची. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडले. तशीच त्यांच्या घरी गेले आणि अमीनाचाचींना सरळ विचारलं.

"पावसात मला दम लागला गो. चौघांनी खुर्चीत घालून वर नेलं, हे मागून छत्री धरून. एकाचा पाय घसरला, पडलेच असते मी. दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. तुला सांगायला लाजले."

"मग आमच्या कागदावरची?"

"तीपण मनापासूनच केलेली."

हरकत नोंदवायची मुदत सोमवारी संपते. पत्रकावर त्यांचं नाव ठेवलं तर खोटं, खोडलं तरी खोटं... कुणाच्या नावानं घोषणा द्यायची तेच मला कळेनासं झालंय.

निघताना चाचींनी हात धरला. "रोज सकाळी डबी जागेवर आहे का बघून यायचे. माझे गुडघे असे, मी कधी बघितलीच नाही ती. रस्ता झाला की रिक्षानं नेशील? एकदा दाखव मला."

मी हो म्हटलं.