काढलेल्या कार्डाचे रिप्लाय

मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. बंद पडलेल्या वस्तूला काहीतरी कारण असतंच, एवढंच मानत आलो. आजही तेच मानतो... म्हणून तर हे लिहायला इतका उशीर झाला.

सेलूतल्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्याचा कॉम्प्युटर आहे. जुना, लिनक्सवरचा, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. त्यावर पोखर्णीचे मारोतराव बसायचे. चार वर्षांपूर्वी दसऱ्याला त्यांनी त्या डब्याला हळदकुंकू लावलं, हार घातला. दुसऱ्या दिवशी नेटवर्क गेलं. कापसाच्या गाड्या गेटबाहेरपर्यंत तुंबल्या. मी गेलो, नेटवर्क कार्ड काढलं, कडेला लाल कण दिसले आणि मालक शेटजींसमोर बोलून मोकळा झालो — "कुंकू आत गेलंय."

"मारोती, बैल हाय का ते?" शेटजी म्हणाले. "उद्या शिंगं रंगवशील त्याची!"

सगळे हसले.

"बाहीरून लावलं हो सायेब," मारोतराव मला म्हणाले. "आत कसं जाईल?"

मी नवं कार्ड काढायला पिशवी उघडली. त्यांना त्याच दुपारी कामावरून काढलं.

नवं कार्ड घालूनही नेटवर्क चालेना. मग लक्षात आलं — मुहूर्त म्हणून दसऱ्याला ऑफिसचा प्रिंटर मीच जोडला होता, आणि काट्याच्या कॉम्प्युटरचाच नेटवर्कचा पत्ता त्याला दिला होता. एका पत्त्यावर दोघं. प्रिंटरचा पत्ता गुपचूप बदलला, नेटवर्क सुरू झालं. जुनं कार्ड भंगारात फेकलं. कॉन्ट्रॅक्ट जाईल म्हणून गप्प बसलो.

यंदा उन्हाळ्यात तेच मशीन पुन्हा बिघडलं. मारोतराव वारून तेव्हा दोन वर्षं झाली होती. भर दुपार, सगळे जेवायला गेलेले. लॅपटॉपची वायर सरळ त्या कॉम्प्युटरला जोडली. मध्ये दुसरं काही नाही, वायफायही बंद. पिंग लावलं — म्हणजे एका मशीननं हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची. ओ येईना. कॉम्प्युटर बंद केला, कार्ड उपसून हातात घेतलं.

आणि लॅपटॉपवर रिप्लाय यायला लागले. ओळीखाली ओळ. वायर कार्डाला, कार्ड माझ्या हातात...

प्रत्येक कार्डाला कंपनीनं दिलेला स्वतःचा नंबर असतो. ओ देणाऱ्याचा नंबर पाहिला. हातातल्या कार्डाचा नव्हता. माझ्या दुरुस्तीच्या जुन्या वहीत सापडला — मी भंगारात फेकलेल्या कार्डाचा. भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. वायर सोडवली, तेव्हा थांबलं.

तसाच पोखर्णीला गेलो. मारोतरावांची बायको ओसरीवर तूर निवडत होती. सगळं सांगितलं, रिप्लायचं सोडून. तिचे हात थांबले नाहीत.

"शेटजीला सांगितलं का?"

"नाही."

"मंग मला कशाला सांगायलाव? मला तं ठावच व्हतं."

दुसऱ्या दिवशी काट्यापाशी, सगळ्यांसमोर सांगितलं. कॉन्ट्रॅक्ट गेलं. लॅपटॉप, वायर, कार्ड — सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. ते रिप्लाय कुठून आले, मला आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी तिला फोन केला.

"समद्याइच्या म्होरं सांगितलं?"

"हो."

"ते व्हते तवा त्याइला सांगायचं व्हतं हो," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.