गाऱ्हाण्यातून वगळलेली लाईन

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर माझ्या ओट्यावर बसू दिलेलं नाही. मी तारमास्तर — यंत्र खट्ट वाजलं की पलीकडे कुणीतरी बोट दाबलेलंच असतं, एवढं मला पक्कं ठाऊक. तरी हे लिहायला बसलोय, कारण घडलं ते माझ्याच दारात.

कॅसलरॉकला माझी बदली झाली तेव्हा स्टेशनाभोवती भराभर वस्त्या उठत होत्या. टेकाडावर साहेबांचे बंगले, खाली रेल्वेच्या खलाशांच्या चाळी, सडकेला पेठ, पलीकडे गवळीवाडा. पेठवाले चाळवाल्यांना नाक मुरडत, आणि आम्ही बाबूलोक सगळ्यांनाच. आमच्या सहा क्वार्टर्सना 'नवी लाईन' म्हणत. मूळचं कुणब्यांचं गाव रान ओलांडून पंधरा मिनिटांवर.

भाताची मळणी आटोपली की तिथला म्हातारा गावकर शिवेवरच्या पाषाणापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घाली. एकेका वस्तीचं नाव घ्यायचं आणि देवाला सांगायचं, ह्यांच्यावर नजर ठेव. नव्या वस्त्याही तो त्यात घेई. त्या वर्षी आमच्याकडे आला.

"मास्तर, नव्या लायनीचंबी नाव घेतो. घरटी मूठभर तांदूळ द्या, बास."

"आमच्यावर रेल्वे कंपनीची नजर आहे," मी म्हणालो. "तुझ्या देवाला कशाला जादा ड्यूटी? आम्हाला वगळ."

"वगळू नये हो मास्तर. इचार करा जरा."

"वगळ म्हटलं ना!"

शेजारचे बाबू खो खो हसले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

गाऱ्हाणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी सहा वर्षांची गोदू आमच्या पायरीवर चिंचोके खेळत होती. बायको विहिरीवरून आली तो पायरी रिकामी... मुलूख वाघाचा. बंगल्यांवरचे माळी, खलाशी, दुकानदार, गवळी — एरवी एकमेकांच्या पाणवठ्यावर न जाणारी माणसं — एकत्र रानात हाका मारत फिरली. दुपारी मी एकटाच घरी परतलो. आसपास चिटपाखरू नव्हतं. पायरीवर बसलो आणि तोंडात धोतराचा सोगा कोंबून रडलो.

मग उठून गावकराकडे गेलो. विश्वास बसला म्हणून नव्हे. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. म्हातारा एका शब्दानं टोचून बोलला नाही. मला घेऊन शिवेवर गेला, हात जोडले.

"बा देवा, नवी लायन ऱ्हायली व्हती. चूक आमची हाय. तितल्या ल्हानथोरांस्नी नजरंत घे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "जावा मास्तर, घराकडं."

धावत आलो. गोदू पायरीवर! चिंचोके पुढ्यात, डोळे सुजलेले. बायको तिला छातीशी धरून हसतही होती, रडतही होती.

"कुठं गेली होतीस गं?"

"कुठ्ठं नाही अप्पा. इथंच होते. किती हाका मारल्या! आई दोनदा माझ्या शेजारून गेली, बघितलंच नाही तिनं."

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" स्टेशनमास्तर म्हणाले. "कोपऱ्यात झोपली असेल पोर." मीही तेच धरून बसलो असतो. पण जेवायला बसल्यावर ती माझ्याकडे सरकून हळूच म्हणाली, "अप्पा, तुम्ही तोंडात धोतर धरून रडलात ना? मी तुमच्या पाठीवरनं हात फिरवत होते. तुम्ही गप्पच होत नव्हता."

ते रडणं मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. देव मानायला लागलो का, तेही धड सांगता येत नाही. गावकर बरोबर होता की योगायोग होता, यावर वाद घालायचंही मी सोडून दिलंय. जीवाला लागून राहिलंय ते एवढंच — माझी पोर इतका वेळ पाठीवर हात फिरवत होती, आणि मला तो हात कळला नाही.