बावीस बायकांचं एक अकाउंट

"काय म्हणतंय नवीन बँक अकाउंट?" मी हसत हसत, सगळ्या रिसेप्शनला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

मिसेस कॅम्पबेल हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून एक पत्र काढलं, उलगडलं आणि काउंटरवर माझ्यासमोर ठेवलं. पत्र आमच्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून गेलं होतं. तुमच्या नावावर न कळवलेली बचत आढळली आहे. तुमचं हाउसिंग बेनिफिट थांबवण्यात आलं आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता इंटरव्ह्यू अंडर कॉशनसाठी हजर राहावे.

"हे म्हणतंय," त्या म्हणाल्या.

त्या शुक्रवारी माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही. मागे रांगेत उभा असलेला एक म्हातारा मात्र खाली बघायला लागला होता.

ही दोन हजारच्या दशकातल्या मधल्या वर्षांतली गोष्ट. लंडनच्या वायव्येकडच्या एका कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या पालिकेत, मी फायनान्शियल इन्क्लुजन ऑफिसर होतो. पद भारी, काम साधं. आमच्या हद्दीतल्या कॅरिबियन, आफ्रिकन आणि आपल्याकडच्या कुटुंबांकडे गोऱ्या शेजाऱ्यांच्या मानाने शिल्लक फार कमी असायची. अनेकांचं बँकेत धड खातंही नसायचं. ही दरी थोडी बुजवावी म्हणून कौन्सिलने एक प्रोग्रॅम काढला आणि त्यावर मला बसवलं. किती खाती उघडली हे माझं टार्गेट.

आता दुसऱ्या मजल्याबद्दल. हाउसिंग बेनिफिट म्हणजे कमी पगाराच्या भाडेकरूला भाड्यासाठी मिळणारी मदत. बचत सोळा हजार पौंडांच्या वर गेली की ती बंद. इंटरव्ह्यू अंडर कॉशन म्हणजे "तुम्ही बोलाल ते कोर्टात पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं" अशी सूचना आधी देऊन, टेप लावून केलेली चौकशी. तिथून प्रकरण कोर्टात गेलं आणि ठपका बसला, तर मिसेस कॅम्पबेल यांची नोकरी जाणार होती. त्या एका प्रायमरी स्कूलच्या किचनमध्ये कामाला होत्या. मुलांच्या आसपास काम करणाऱ्याचं रेकॉर्ड स्वच्छ लागतं. भाडं तर आधीच थकायला लागलं होतं आणि घरमालकाचे दोन फोन येऊन गेले होते.

मी त्यांना इंटरव्ह्यू रूममध्ये नेलं. दार लावलं.

"खात्यात किती आहेत?"

"सतरा हजार सहाशे. वर थोडं व्याज."

मी खुर्चीत जरा मागे सरकलो.

"मिस्टर पॅट, ते पैसे माझे नाहीत." आडनाव पटवर्धन, वीस वर्षांत ते या देशात 'पॅट'च्या पुढे गेलेलं नाही. "बावीस जणींचे आहेत. आमचा पार्डनर आहे तो."

पार्डनर म्हणजे काय ते त्यांनी मला, एखाद्या मठ्ठ मुलाला सांगावं तसं, सावकाश सांगितलं. प्रत्येकीने दर शनिवारी वीस पौंड द्यायचे. एकीने सगळे सांभाळायचे, ती बँकर. दर आठवड्याला पाळीपाळीने एकीला सगळी रक्कम मिळते, तो तिचा हँड. कागद नाही, व्याज नाही, सही नाही. त्यांच्या वडलांना साठच्या दशकात एकही बँक कर्ज देईना, तेव्हा त्यांनी अशा हँडवर डिपॉझिट भरून घर घेतलं होतं. पुढे ते पाच भावंडांत विकलं गेलं आणि मिसेस कॅम्पबेल भाड्याच्या घरात राहिल्या.

"पण मग हे एवढे खात्यात साठले कसे?"

हे मी विचारलं आणि मग मला आठवलं.

हिवाळ्यात मी त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये भाषण दिलं होतं. प्रोजेक्टर होता, समोसे होते. घरात कॅश ठेवू नका, चोरी होते, आग लागते, आणि मुख्य म्हणजे व्याज बुडतं, असं मी दहा-बारा वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. खातं कोण उघडणार असं विचारल्यावर सगळ्यांत आधी हात वर केला तो मिसेस कॅम्पबेलनी. आमच्या कौन्सिलच्या पत्रकात त्यांचा फोटोही छापून आला होता, शेजारी मी, दात दाखवत. त्या मंडळींनी माझा सल्ला अगदी मनावर घेतला. या वर्षी कोणी हँड उचलायचा नाही, सगळं ख्रिसमसपर्यंत बँकरच्या खात्यात राहू दे, व्याजही सगळ्यांत वाटून घेऊ, असं ठरवलं. बँकेने व्याज दिलं. व्याजाची यादी सरकारकडे जाते. ती बेनिफिट घेणाऱ्यांच्या यादीशी ताडून बघतात. नाव जुळलं.

त्या भाषणात मी बेनिफिटच्या नियमाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. स्लाइडच नव्हती.

"नावं द्या मला त्या बायकांची," मी म्हणालो.

"नाही."

"मिसेस कॅम्पबेल, नावं नसतील तर—"

"काहींच्या नवऱ्यांना माहीत नाही. काहींना बेनिफिट मिळतं. आज मी नाव दिलं की उद्या तिलाही असं पत्र. बँकर नावं देत नाही, मिस्टर पॅट. बँकरचं काम तेच असतं."

मी वहीत 'दुसऱ्यांचे पैसे?' असं लिहिलं आणि प्रश्नचिन्हावर दोनदा पेन फिरवलं. वीस वर्षांच्या नोकरीत मला एवढंच सुचलं.

दुपारी ग्रॅहमकडे गेलो. ग्रॅहम आमचा मॅनेजर, दुसरा मजलाही त्याच्याच हाताखाली. माणूस वाईट नव्हता, फक्त कागदाबाहेरचं त्याला दिसत नसे.

"अकाउंट कोणाच्या नावावर?"

"तिच्या."

"सही कोणाची चालते?"

"तिची. पण ग्रॅहम, दुसऱ्यासाठी सांभाळलेले पैसे आपण बचतीत धरत नाही. नियमच आहे."

"सिद्ध झालं तर. लिहिलेलं काही आहे?"

"तिची वही आहे."

"जिच्यावर आरोप आहे तिने स्वतः लिहिलेली वही. अजून काही?"

अजून काही नव्हतं.

"इंटरव्ह्यू पुढे ढकलशील?"

"कशासाठी? तू प्रोग्रॅमचा माणूस आहेस, पॅट. चौकशीत पडू नकोस. आणि त्या बायकांना गाठून आधीच पढवलंस असं कोणी म्हणालं, तर तुझीही चौकशी मलाच करावी लागेल."

"चर्चच्या हॉलमध्ये जाऊन माझं अर्धवट राहिलेलं भाषण पूर्ण केलं तर?"

त्याने समोरची फाइल मिटली. "तू रविवारी काय करतोस ते मला सोमवारीही सांगू नकोस."

स्टॅनमोरला घरी पोचेपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं होतं. जेवताना नीलाला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. पार्डनर समजावून सांगताना मी जरा तज्ज्ञाचा आवाज लावला होता. तिने आमटी वाढता वाढता मला मधेच तोडलं.

"अहो, मग ही भिशीच की!"

"भिशी?"

"आमची नाही का नऊ वर्षं चाललेली? महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्हाला दोन तास बाहेर फिरायला का पाठवते मी? तब्येतीसाठी?"

मी नऊ वर्षं तब्येतीसाठीच समजत होतो. माझ्या घरात, माझ्याच सोफ्यावर दहा बायका दर महिन्याला एक छोटी बँक चालवत होत्या आणि मी फायनान्शियल इन्क्लुजन ऑफिसर, बाहेर तळ्याभोवती चकरा मारत होतो.

"बरं, मग मला सांग," मी म्हणालो, "तुमच्यात उद्या कोणी आरोप केला, तर पैसे कोणाचे हे कसं दाखवणार? वही तर तुझ्याकडे."

"माझी वही माझ्यापुरती. शोभाताई, वैशाली, सगळ्यांकडे आपापली नोंद असते. तारीख, किती दिले, कोणाला दिले. भिशीत कोणी नुसत्या विश्वासावर नसतं हो. विश्वास असतोच, शिवाय पर्समध्ये चिठ्ठीही असते."

मी हातातला घास तसाच ठेवून उठलो.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "चर्च रविवारी आहे."

रविवारी प्रार्थना संपल्यावर पास्टरांनी मला पाच मिनिटं दिली. तोच हॉल, तोच माइक. मिसेस कॅम्पबेल मागच्या किचनमध्ये माझ्याकडे पाठ करून कप विसळत होत्या. बाकी चाळीसेक बायका. त्यातल्या बावीस कोणत्या ते मला माहीत नव्हतं, विचारायचंही नव्हतं.

पहिल्या रांगेतली एक उंच, जांभळ्या हॅटवाली बाई मोठ्याने म्हणाली, "आज समोसे नाहीत वाटतं?"

हशा झाला. तो प्रेमाचा नव्हता.

"नाहीत," मी म्हणालो. "मागच्या वेळी मी अर्धाच सल्ला दिला. उरलेला अर्धा आज." आणि नियम सांगितला. दुसऱ्याचे पैसे सांभाळले तर ते आपले धरत नाहीत, पण ज्याचे आहेत त्याने तसं सांगावं लागतं. "उद्या दहा वाजता कौन्सिलमध्ये तुमच्यातल्या एकीला विचारतील, हे पैसे कोणाचे? ती नावं सांगणार नाही. मीही विचारणार नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपली स्वतःची नोंद घेऊन यावं."

"आणि आले की माझं बेनिफिट थांबवणार," हॅटवाली म्हणाली.

"पार्डनरमध्ये एकेकीचे आठशे पौंड होतात. तेवढ्याने काही होत नाही."

"आणि माझे दुसरीकडे अजून निघाले तर?"

इथे खोटं बोलणं फार सोपं होतं.

"तर ते कळवावे लागतील," मी म्हणालो.

पास्टरांनी घड्याळाकडे बघितलं. मी माइक ठेवला आणि माझ्या पाच मिनिटांतली दोन शिल्लक असताना बाहेर पडलो.

सोमवारी साडेनऊपासून मी रिसेप्शनमध्ये एका रोपट्याला पाणी घालत उभा होतो. रोपटं प्लास्टिकचं होतं, ते नंतर रिसेप्शनिस्टने सांगितलं. पावणेदहाला मिसेस कॅम्पबेल आल्या. चर्चचा कोट, एकट्या.

"कोणी येणार नाही," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलंय सगळ्यांना, येऊ नका म्हणून."

"का?"

"मी त्यांची बँकर आहे."

दहाला पाच कमी. दुसऱ्या मजल्यावरून इन्व्हेस्टिगेटर फाइल घेऊन खाली आली. तिने मिसेस कॅम्पबेल यांचं नाव पुकारलं. त्या उठल्या. कोटाची बटणं एकदा काढून पुन्हा लावली.

तेवढ्यात बाहेर बस थांबली. आधी जांभळी हॅट दिसली. तिच्या मागून एक, मग तीन, मग मला मोजता येईनात. दोघी दारापर्यंत येऊन आत बघून परत फिरल्या. त्यांना मी दोष देत नाही. आत आल्या त्या सतरा.

"तुला सांगितलं होतं ना येऊ नकोस," मिसेस कॅम्पबेल हॅटवालीवर ओरडल्या.

"हो, आणि मी तुझं कधी ऐकलंय?" हॅटवालीने पर्समधून एक छोटी डायरी काढून काउंटरवर आपटली.

मग एकेकीने काढायला सुरुवात केली. एकीची नोंद कॅलेंडरच्या पानांवर होती, एकीची विणकामाच्या पॅटर्नच्या मागे, एकीने तर गॅसच्या बिलांच्या पाकिटांवर महिन्याप्रमाणे लिहून ती रबरबँडने बांधली होती. अक्षर वेगळं, शाई वेगळी, शनिवार मात्र सगळ्यांचे तेच. इन्व्हेस्टिगेटरने बँकेचं स्टेटमेंट उघडलं. प्रत्येक शनिवारानंतरच्या सोमवारी बावीस जणींची पूर्ण रक्कम जमा झालेली होती. एकही सोमवार चुकला नव्हता.

दुपारपर्यंत ती प्रत्येकीशी वेगवेगळं बोलली. टेप लावायची वेळच आली नाही. सतरा जणींचे पैसे वजा केल्यावर उरलेली रक्कम सोळा हजारांच्या कितीतरी खाली होती. ग्रॅहमने ते आकडे दोनदा तपासले, मग तिसऱ्यांदा. "कागद आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

गुरुवारी पत्र गेलं. बेनिफिट पुन्हा सुरू, थांबलेले आठवडेही भरून. शाळेपर्यंत काही पोचलं नाही. शुक्रवारी मिसेस कॅम्पबेलनी बँकेत जाऊन सगळे पैसे काढले आणि खातं बंद केलं. ग्रॅहमने माझ्या टार्गेटच्या हिशेबातून एक खातं कमी केलं, तेही त्याच आठवड्यात.

आमच्या पत्रकात पुढे एक ओळ वाढवली: 'या खात्यात दुसऱ्या कोणाचे पैसे आहेत का?' एवढा साधा प्रश्न छापून यायला चार मीटिंगा लागल्या. लोकांना सल्ला देणाऱ्याने आधी आपल्याच इमारतीचे सगळे मजले चढून बघावेत, एवढं मी शिकलो. लिफ्ट होती, तरी.

खातं बंद झालं त्या संध्याकाळी मी नीलाला सगळं सांगितलं, थोडं रंगवूनच. बस थांबली तिथे मी जरा थांबलोही. ती कोथिंबीर निवडत शांतपणे ऐकत होती.

"मग तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात ना?" तिने विचारलं.

"पत्रात आहे की. शेवटच्या ओळीत. झालेल्या गैरसोयीबद्दल कौन्सिल दिलगीर आहे."

"कौन्सिलचं नाही विचारलं मी," नीला म्हणाली. "तुमचं विचारतेय."