सूर्य गिळणारा आणि भागोजी

हातखंब्याच्या फाट्यावर भागोजीचं पंक्चरचं दुकान आहे. वर्षभर तो तिथे ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुड्यांची वाट बघतो. शिमग्यात मात्र तो संकासूर होतो. काळा झगा, उंच टोकाची काळी टोपी, तागाची पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. संकासूर म्हणजे वेद चोरणारा राक्षस. नाचत-वाजवत निघणाऱ्या खेळ्यांबरोबर तो घरोघर फिरतो, आणि आजारी मुलासाठी नवस बोललेल्या बायका मूल बरं झालं की ते अंगणात त्याच्या मांडीवर ठेवतात. राक्षसाच्याच. अठ्ठावीस वर्षं ती मांडी भागोजीची होती.

यंदा त्याचा पुतण्या दर्शन मुंबईहून आला आणि म्हणाला, "काका, संकासूर जुना झाला. आता डार्क देव पाहिजे."

दर्शन जाडजूड अद्भुत कादंबऱ्या वाचतो. त्यांतले काळोखाचे देव मलाही ठाऊक आहेत, एम.ए.च्या प्रबंधासाठी मी ते दोन वर्षं सोसले. सगळे एकाच शिंप्याकडे कपडे शिवतात. सगळे सावकाश बोलतात, कारण लेखकाला वाटतं की सावकाश बोललं की खोल वाटतं. त्यांच्यासाठी लोक मरतात आणि वाचणारे त्यांची चित्रं मोबाइलच्या कव्हरवर लावतात.

दर्शनने त्यातले दोन देव दुकानात बसून काकाला सांगितले. पहिला बर्फाखाली हजार वर्षं झोपलेला. उठला तो थेट सूर्य गिळायला निघाला.

"हजार वर्षं झोपला," भागोजी ट्यूब घासत म्हणाला, "नी उठल्यावर मुतायला पण गेला नाय?"

"काका, तो देव आहे."

"मंग त्याला सूर्य कशाला लागतो? भूक लागली?"

"नाही. त्याला काहीच लागत नाही. तीच तर त्याची ताकद."

"भूक नसताना जो नासधूस करतो, त्याला आमच्याकडं वानर म्हणतात. नी वानराला पण निदान भूक असते."

दुसरा देव देखणा. ज्याला जे हवं ते देतो, बदल्यात आत्मा घेतो. भागोजी हसला. "हा तर दुबईच्या व्हिसाचा एजंट! पण तुझ्या पयल्यापेक्षा बरा. निदान इचारतो तरी."

"आणि तुमचा संकासूर? चोरच ना?"

"चोरच. चोरी केली, देवाचा मार खाल्ला. दर वर्षी खातो. तुझ्या देवांना कोणी मारलंय कधी?"

दर्शन उठला आणि थेट गावच्या शिमगा मंडळाकडे गेला. मंडळाने त्याचंच ऐकलं, कारण भागोजीचे गुडघे गेले होते आणि मोबाइलवरच्या चित्रात शिंगांचा देव झकास दिसत होता. ठरलं असं, की यंदा सूर्य गिळणारा फिरेल. लोकांना आवडला तर संकासूर कायमचा बंद. भागोजीच्या हातात झांज दिली. ती त्याने घेतली आणि खेळ्यांच्या मागून चालू लागला.

पहिलं घर सोनूबाईचं. पावसाळ्यात तिची दहा महिन्यांची नात तापाने फणफणली होती, तेव्हा म्हातारीने नवस बोलला होता. ती सकाळपासून नारळ घेऊन उभी होती. दर्शन अंगणात आला. थर्माकोलची शिंगं, प्लास्टिकचे पंजे, छातीशी बांधलेला स्पीकर. स्पीकर म्हणाला, "मी अंत आहे." अंगणातली कोंबडी जागची हलली नाही.

सोनूबाईने नात पुढे केली. दर्शन मागे सरला.

"हा देव मुलं घेत नाही, आजी."

"मंग काय घेतो?"

"आत्मे."

"ते आमच्याकडं नाय. नारळ हाय." खेळे फिसकन हसले. ती भागोजीकडे वळली. "भागोजी, ती झांज ठेव. टोपी घाल."

भागोजीने टोपी मागितली. दर्शन पुटपुटला, "ती शिंगांच्या आत आहे. आकार धरायला कापड लागलं, म्हणून कापली."

मृदुंग थांबला. भागोजी पुतण्याकडे बघत राहिला, फुकट गेलेल्या टायरकडे बघावं तसा.

"काढ."

शिंगं निघाली. आतलं काळं कापड दोरे लोंबत बाहेर आलं. भागोजीने ते डोक्याला गुंडाळलं. टोक नाही, दाढी नाही, झगासुद्धा नाही. दोन्ही हात जमिनीला टेकून तो खाली बसला तेव्हा गुडघा वाजलेला सगळ्या अंगणाने ऐकला. सोनूबाईने नात मांडीवर ठेवली. पोरीने त्याच्या मिशीला हात घातला आणि ओढली. "नवस फेडला गं बाय," म्हातारी म्हणाली, आणि नारळ त्याच्यापुढे ठेवला.

पोर परत दिली, पण भागोजीला उठता येईना. दोनदा जोर केला. शेवटी दर्शनने काखेत हात घालून त्याला उभं केलं. भागोजीने डोक्यावरचं कापड सोडलं, घडी केली आणि दर्शनच्या छातीवर आपटलं.

"पुढच्या घरी मूल हाय. तू बसायचंस."

"मी? मला जमणार नाही, काका."

"उभ्या उभ्या सूर्य कोण पण गिळतंय. खाली बसून दाखव. नी तो डबा बंद कर."

दर्शनने स्पीकर बंद केला आणि दातांनी पंजे ओढून काढले.