काचेआडचं ऊन

"हिला रिकेट्स आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या नातीच्या मनगटाचा एक्स-रे उजेडात धरला.

रिकेट्स म्हणजे आपला मुडदूस. हाडं मऊ राहतात, भार पडला की वाकतात. शब्द मला ठाऊक होता, पण माझ्या लहानपणी मुडदूस उपाशी पोरांना व्हायचा. आमची इरा दीड वर्षाची, मांड्यांना वळ्या पडलेली, दहाजणींनी दृष्ट काढावी अशी. मी म्हटलं, "बाई, एक्स-रे कुणाचा दुसऱ्याचा आला असेल. ही पोर बघा आणि मग बोला." माझ्या सुनेनं, मानसीनं, ते इंग्रजीत सांगितलं, निम्मं गाळून. मुलगा हळूच म्हणाला, "आई, प्लीज, इथे सीन करू नकोस."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वजन चांगलं म्हणजे हाडं चांगली, असं नसतं. उलट हाडं मऊ आणि अंग जड, म्हणून पाय लवकर वाकतात."

मग मला एकेक आठवायला लागलं. बारशाच्या बिंदल्या मनगटात रुतायला लागल्या होत्या. आम्ही म्हटलं बाळसं! ते बाळसं नव्हतं, मनगटाची हाडंच टोकाला फुगली होती. इरा सोफ्याला धरून उभी राहायची आणि लगेच मटकन बसायची. पोटऱ्या धनुष्यासारख्या बाहेर. आमच्या ओळखीच्या शोभाताई सगळ्यांना सांगत, "जाडी मुलं उशिराच चालतात हो."

रक्त काढलं तेव्हा इरानं दवाखाना डोक्यावर घेतला. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं निघालं. हाडांची आत धडपड चालू असली की ते रक्तात चढतं, असं मला समजावलं. आणि व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच. ते नसलं की दुधातलं कॅल्शियम हाडांपर्यंत नीट पोचत नाही, दूध कितीही पाजा.

"ऊन मिळतं का हिला?" त्यांनी विचारलं.

इथे मी सरसावून बसले. "मिळतं का म्हणजे? रोज मिळतं!" इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये, बाहेर बर्फ असला तरी आमच्या मागच्या मोठ्या काचेच्या दारातून काय सुंदर ऊन येतं. तिथे गोधडी घालून, तिळाचं तेल चोळून, मी रोज इराला उघडी निजवायची. माझी दोन्ही मुलं अशीच वाढली.

"दार उघडं असतं का?"

आता बर्फात दार कोण उघडं ठेवील?

तेव्हा त्यांनी सांगितलं, की उन्हातला जो भाग कातडीत व्हिटॅमिन डी तयार करतो, तो काचेतून आत येतच नाही. ऊब येते, उजेड येतो, तो भाग येत नाही. आणि इथल्या हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो, की बाहेर नेऊनही फारसा उपयोग नाही. सावळ्या कातडीला तर ऊन जास्त वेळ लागतं. "तुमची पद्धत तुमच्या गावाला बरोबर होती," त्या म्हणाल्या. "इथे मधे काच आली."

बरं, उन्हाळा तरी होता ना? तर उन्हाळ्यात बाबागाडीवर पांघरूण! का, तर पोर काळवंडेल, असं चार बायकांनी सांगितलेलं.

नर्सनं मानसीला विचारलं, "अजून अंगावरच पाजता?" मानसीचा चेहरा उतरला. गाडीत रडायला लागली, "आई, माझ्याच दुधात काही नाही." मी म्हटलं, "गप. दूध उत्तम आहे, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय का? नाही ना? त्यात व्हिटॅमिन डी मुळातच कमी असतं, सगळ्याच आयांच्या. त्याला थेंब असतात." थेंब जन्मल्यावर दिलेही होते. इरा थुंकायची, आणि इतक्या गुटगुटीत मुलीला कशाला औषध म्हणून ते मागे पडले. आता दोष कुणाचा, ही पंचाईत करायला मी तयार नव्हते. पोरीला चालवायचं होतं.

आठवड्याभरात शोभाताई आल्या. मला स्वयंपाकघरात घेऊन हळूच म्हणाल्या, "कुणाला बोलू नका हं. मुलीची जात आहे. आणि जाड लेगिंग घालत जा, म्हणजे पाय दिसणार नाहीत."

मी जोरात म्हटलं, मानसीला बाहेर ऐकू जाईल असं, "शोभाताई, पाय तिनं चोरून आणलेत का, लपवायला?"

औषध रोजचं. जास्त डोसाचे थेंब आणि कॅल्शियम. डॉक्टरांनी बजावलं होतं, आपल्या मनानं एक थेंबही जास्त नाही, तेही घातक असतं. इरा थुंकायची, मी तिला मांडीत धरून गालात सोडायची. मग पुन्हा एक्स-रे, पुन्हा ती वाट बघायची खोली. तिथे आमच्यासारखी आणखी एक आई होती, डोक्यावर रुमाल बांधलेली. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. तिनं माझ्याकडे बघून आपल्या मुलाचे पाय उघडे करून दाखवले. मी इराचे दाखवले.

वसंतात डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो धरला आणि बोट ठेवलं. हाडाच्या टोकाला पांढरी रेघ आली होती. "इथे हाड भरतंय." त्या रेघेला मी तिथेच हात जोडले. पाय मात्र लगेच सरळ होणार नाहीत, वाढत्या वयात होतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जूनमध्ये मागच्या अंगणात इरा चालली. पाय उघडे, टोपी नाही, पांघरूण नाही, मधे काच नाही.

पुढच्या रथसप्तमीला मी मानसीला हळदीकुंकू करायला लावलं. बायका विचारत होत्या, वाण काय, वाट्या की डबे? मी लहान बाळांच्या व्हिटॅमिन डीच्या थेंबांच्या बाटल्या आणल्या होत्या. मानसीनं स्वतः सगळ्यांना सांगितलं, "इराला रिकेट्स झाला होता. घरात बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग द्या. पण विचारा नक्की." आवाज कापत होता, पण शेवटपर्यंत बोलली.

इरानं आखूड फ्रॉक घातला होता. एकेक बाटली तीच नेऊन देत होती. शोभाताईंची लेक तेव्हा पोटुशी होती. त्यांनी बाटली घेतली, पदरात धरली, आणि तरी म्हणाल्याच, "अहो, पण पाय अजून थोडे वाकडेच दिसतात."

"आहेत ना," मी म्हटलं. "त्याच पायांनी चालत आली तुमच्यापर्यंत."