सावधान म्हटलं की बटण

ऑकलंडमधल्या माझ्या पहिल्या नोकरीत मला तीन महिने पारखून घेणार होते, आणि त्यातल्या शेवटच्या आठवड्यात मलाच दुसऱ्याची परीक्षा घ्यायला सांगितलं. मुलांच्या पोहण्याच्या वर्गांची नोंदणी सोमवारी ऑनलाइन सुरू होणार होती. सगळ्या आया एकाच क्षणी तुटून पडल्या, तर त्यांच्या विनंत्या झेलणारी आमची एपीआय टिकेल का, हे मी त्याआधी तपासायचं. नाही जमलं, तर सोमवारी मी घरी.

विनंत्यांचा मारा करणारं सॉफ्टवेअर लावलं, तर सर्व्हरच्या आधी माझ्याच जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली. म्हणून शनिवारी साहेबाची परवानगी काढून मी मराठी मंडळातली चाळीस माणसं ऑफिसात गोळा केली. एकेकाला एकेक कॉम्प्युटर दिला. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली आईही पोह्यांचं पातेलं घेऊन आली. आमच्या लोकांना फुकट राबवायचं तर पोहे लागतातच.

खोट्या वर्गात मी एकच जागा शिल्लक ठेवली. "अकराला सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं," असं बजावलं होतं. अकराला निम्मे लोक पार्किंग शोधत होते.

सगळे बसल्यावर मी एक-दोन-तीन म्हटलं. विनंत्या डुलत डुलत, एकेक करून आल्या.

"तीनवर दाबायचं, की तीन म्हणून झाल्यावर?" एका काकांनी विचारलं.

यावर अर्धा तास वाद झाला. दोन गट पडले. मला सगळ्यांना पातेल्यासकट बाहेर काढावंसं वाटलं.

शेवटी आईच वैतागून उठली. "तू हो बाजूला," म्हणाली, आणि पदर खोचून खड्या आवाजात मंगलाष्टक सुरू केलं. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. अक्षता नव्हत्या, तरी चाळीस हात माउसवर सावरून बसले.

"शुभमंगल सावधान!"

चाळीसच्या चाळीस विनंत्या एका सेकंदात पोचल्या. आणि ती एकुलती एक जागा एपीआयनं चाळिसांनाही देऊन टाकली.

गेली नोकरी, असंच वाटलं. मागे उभा असलेला किवी साहेब मात्र पोहे चावत म्हणाला, "स्वीट ॲज, झकास! आज कळलं ते बरं. सोमवारी खऱ्या आयांनी मला तलावात ढकललं असतं."

चूक दुरुस्त करेपर्यंत चार वाजले. मंडळी मधल्या वेळात सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांत जाऊन वाणसामान भरून आली. दुसऱ्या मंगलाष्टकाला एकालाच जागा मिळाली, बाकीच्यांना नम्र नकार. ती जागा मिळाली आईला. मंगलाष्टक म्हणताना तिचा हात मोकळाच होता, तो तिनं एका माउसवर ठेवला होता.

साहेब जाताना मला "सी यू मंडे" म्हणाला.

"काय म्हणाला गं?" आईनं विचारलं.

"सोमवारी ये म्हणाला."



"मग लागलं की लग्न," आई म्हणाली, आणि रिकामं पातेलं माझ्या हातात दिलं.